घरच्या कॉम्प्युटरची फायरवॉल: इनकमिंग कोणाचं, आउटगोइंग कोणाचं

उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. जानेवारी २०२० मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हापासून सांगली-मिरजेत ओळखीपाळखीच्या लोकांचे कॉम्प्युटर आणि वायफाय बघून देतो. पुष्कळ घरांत मला एकच चित्र दिसतं. अँटिव्हायरसचे पैसे दरवर्षी न चुकता भरलेले असतात, पण फायरवॉल कोणीतरी, कधीतरी, ‘काहीतरी चालेना’ म्हणून बंद केलेली असते आणि ती तशीच राहून गेलेली असते. खरं तर फायरवॉल विकत आणावी लागत नाही. ती विंडोजमध्ये आहे आणि नेटच्या डब्यातही आहे. ती चालू ठेवायची, तिच्यात पडलेली भोकं शोधून बुजवायची आणि नवीन पडू द्यायची नाहीत. हे सगळं कसं करायचं ते इथे सविस्तर लिहितो. एक रविवारची दुपार पुरेल.

आधी तिचं काम समजून घ्या

एक्स्चेंजमध्ये बिल थकलं की आम्ही गिऱ्हाइकाचं आउटगोइंग तोडायचो, इनकमिंग चालू ठेवायचो. घरच्या कॉम्प्युटरच्या फायरवॉलची मूळ सेटिंग याच्या बरोबर उलट असते. आउटगोइंग सगळं चालू, इनकमिंग सगळं बंद; ज्याला नावानिशी परवानगी दिली आहे तेवढंच आत. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा फोन तुम्ही लावलेला असतो, म्हणून पलीकडचा आवाज तुमच्यापर्यंत येतो. हे बोलणं आतून सुरू झालंय हे फायरवॉल लक्षात ठेवते. पण न बोलावता बाहेरून कोणी फोन लावला तर तो लागत नाही. त्यामुळे पुढच्या प्रत्येक सेटिंगपाशी एकच प्रश्न विचारायचा: बोलणं सुरू कोण करणार, आतला की बाहेरचा?

दुसरी गोष्ट पोर्टची. एका नंबराखाली अनेक एक्स्टेन्शन असावीत तसे कॉम्प्युटरच्या एका पत्त्याखाली ० ते ६५,५३५ असे पोर्ट असतात. वेबसाइटशी बोलणं बहुतेक ४४३ वर होतं, विंडोजमधल्या फाइल शेअरिंगचं ४४५ वर आणि दुरून कॉम्प्युटर चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ वर. हे शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

“आमच्याकडे काय आहे चोरण्यासारखं?” असं लोक विचारतात. अहो, आधार-पॅनचे स्कॅन, फॉर्म १६, सातबारे, मुलांचे दाखले, बँकेची स्टेटमेंट आणि वीस वर्षांचे फोटो, हे सगळं त्या एका कॉम्प्युटरवर असतं. आणि तुम्हाला कोणी निवडावं लागत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन तयार केलं. चांगली लाइन असलेल्या एकाच कॉम्प्युटरवरून, एका पोर्टसाठी, जगातले सगळे जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते ४५ मिनिटांच्या आत तपासून होतात हे त्यांनी दाखवलं. असे पत्ते साधारण ४३० कोटी आहेत, आणि तुमचा त्यातलाच एक.

ऑगस्ट २००३ मला चांगला आठवतो. ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा व्हायरस, पसरला होता. तेव्हा डायल-अप होतं, मध्ये राउटर, म्हणजे नेटचा डबा, नसायचा, कॉम्प्युटर थेट इंटरनेटवर उघडा. लोक फोन करायचे, “साहेब, नेट लावलं की मिनिटभरात कॉम्प्युटर बंद पडतोय, लाइन तपासा.” लाइन उत्तम असायची. स्क्रीनवर साठ सेकंदांची उलटी मोजणी लागायची आणि मशीन आपोआप बंद व्हायचं. गिऱ्हाइकाने कुठली फाइल उघडलेली नसायची, कुठे क्लिक केलेलं नसायचं. नेटला जोडला एवढंच, आणि १३५ नंबरच्या पोर्टवरून वर्म आत. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण मुळात बंद ठेवलेली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, सर्व्हिस पॅक २ आला आणि तेव्हापासून विंडोजची फायरवॉल आपोआप चालू असते. म्हणजे आज तुमच्या घरात ती बंद असेल तर ती कोणीतरी बंद केलेली आहे.

सुरुवात नेटच्या डब्यापासून

केबलवाल्याने किंवा कंपनीच्या माणसाने भिंतीवर बसवलेला वायफायचा डबा ही तुमची पहिली फायरवॉल. घरातल्या सगळ्या मोबाइल-कॉम्प्युटरना तो आतले पत्ते वाटतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे. बाहेरून आलेलं अनोळखी बोलणं कोणाला द्यायचं हे त्याला कळत नाही, म्हणून तो ते टाकून देतो. हे संरक्षण फुकटात मिळतं आणि बरंच मोठं आहे. मात्र डब्याच्या आत चार गोष्टी तपासायलाच हव्यात.

ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाका. तो डब्याच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१, जिओच्या डब्याला १९२.१६८.२९.१. आत गेलात की पहिलं काम अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलायचं. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, डब्याच्या सेटिंगचा. दोन वेगळे असतात आणि लोक दुसरा विसरतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या वापरून. जुलै २०१७ मध्ये आपल्या देशातही हजारो ब्रॉडबँड मॉडेम असेच बिघडले; त्यांचा पासवर्ड कारखान्यातला तसाच होता. नवा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. वहीत लिहू नये असं सांगतात, पण घरातल्या कपाटातली वही इंटरनेटवरून कोणी वाचू शकत नाही.

मग ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा ‘वॅन अ‍ॅक्सेस’ असं काही दिसतंय का बघा. बाहेरून डब्याची सेटिंग उघडू द्यायची ती सोय, ती बंद हवी. टीआर-०६९ नावाचं काही दिसलं तर मात्र त्याला हात लावू नका. कंपनी त्यातून डब्याची सेटिंग आणि अपडेट पाठवते.

तिसरं, ‘यूपीएनपी’. घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता डब्याला सांगू शकतं, “माझ्यासाठी अमुक पोर्ट बाहेर उघड,” आणि डबा ते ऐकतो. ही सोय गेम आणि कॅमेऱ्यांसाठी केली होती. मी ती बंदच करतो. बंद केल्यावर घरातल्या कोणाची काही तक्रार आली तर त्या एका गोष्टीपुरता विचार करता येतो.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: ‘पोर्ट फॉरवर्डिंग’. काही डब्यांत तिला ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ म्हणतात. ती यादी उघडा. साध्या घरात ती रिकामी असायला हवी. तिथे एखादी ओळ असेल तर तिचा अर्थ असा की बाहेरून त्या पोर्टवर येणाऱ्या कोणालाही डबा थेट तुमच्या आतल्या यंत्रापर्यंत आणून सोडतो. जवळच ‘डीएमझेड’ असेल तर ते आणखी वाईट, त्यात सगळेच पोर्ट एका यंत्राकडे वळवलेले असतात.

आपल्याकडे या ओळी दोन कारणांनी आलेल्या असतात. एक, सीसीटीव्ही. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र, बसवणारा माणूस मोबाइलवर कॅमेरा दिसावा म्हणून पोर्ट उघडून देतो आणि पासवर्ड सोपा ठेवतो, म्हणजे पुन्हा फोन यायला नको. हल्लीच्या बहुतेक डीव्हीआरला त्याची गरजच नसते. ते स्वतः कंपनीच्या सर्व्हरला फोन लावतात आणि तुमचा मोबाइल तिथूनच चित्र घेतो. ओळ काढून टाका आणि मोबाइलवर चित्र दिसतंय का बघा. दिसलं तर विषय संपला. डब्यात ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असेल तर कॅमेरे आणि टीव्ही तिकडे टाका, म्हणजे कॅमेऱ्यात शिरलेल्याला तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत सहज पोचता येणार नाही.

दुसरं कारण म्हणजे घरून करायचं अकाउंट्सचं काम. हा प्रकार जरा नीट सांगतो, कारण यात नुकसान मोठं होतं.

आमच्याच भागात एक वहिनी जीएसटीची रिटर्न भरायचं काम करतात. घरातल्या एका कॉम्प्युटरवर टॅली, पंचवीस-तीस गिऱ्हाइकांची खाती, त्यांचे पॅन, बँकेचे तपशील, सगळं. मार्चमध्ये माहेरी गेल्या तरी काम करता यावं म्हणून कोणीतरी त्यांना रिमोट डेस्कटॉप चालू करून दिला होता आणि डब्यात ३३८९ थेट त्या मशीनकडे वळवला होता. मला बोलावलं ते “कॉम्प्युटर संथ झालाय, जरा बघता का” म्हणून. विंडोज सगळ्या घडामोडी टिपून ठेवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मी सिक्युरिटीची नोंद उघडली, तर फसलेल्या लॉगिनच्या ओळींमागे ओळी. अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, टॅली, यूजर, टेस्ट… एकेक नाव घेऊन कोणीतरी पासवर्ड लावून बघतंय, रात्री दोनलाही आणि दुपारी दोनलाही. वहिनी म्हणाल्या, “हे मी नाही केलं हो.” त्यांनी कशाला केलं असेल? जगभरची यंत्रं ते करत होती, उघडा ३३८९ दिसला म्हणून. एक पासवर्ड जुळला असता तर सगळ्या फाइलींना कुलूप लावून कोणीतरी पैसे मागितले असते, आणि त्यात गिऱ्हाइकांचीही माहिती गेली असती.

डब्यातली ओळ काढली, त्याच संध्याकाळी नोंदी थांबल्या. कोणी सांगतात की ३३८९ ऐवजी दुसरा नंबर द्या म्हणजे झालं. तसं होत नाही, यंत्रं सगळे पोर्ट चाचपतात. दुरून काम करायचंच असेल तर आतून बाहेर फोन लावणारी सोय घ्या. क्रोम रिमोट डेस्कटॉप असं चालतं, त्याला डब्यात काही उघडावं लागत नाही. मात्र ज्या गूगल खात्यावर ते बसवाल त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावलेलीच हवी. वहिनींकडे आता तेच आहे.

एक मुद्दा नव्या पत्त्यांचा. हल्ली बऱ्याच कंपन्या आयपीव्ही६ देतात. त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला जगात एकमेव असा स्वतःचा पत्ता मिळतो. म्हणजे आतला-बाहेरचा पत्ता वेगळा असल्याने जे संरक्षण फुकट मिळायचं ते तिथे नसतं, डब्याची खरी फायरवॉल चालू असावी लागते. ‘आयपीव्ही६ फायरवॉल’ असं दिसलं तर ती चालू आहे याची खात्री करा. आणि म्हणूनच कॉम्प्युटरवरची फायरवॉलही लागतेच, डब्यावर सगळा भार टाकून चालत नाही.

आता विंडोज

स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा, आत ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ उघडा. तिथे डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशी तीन नेटवर्कं दिसतील. तिन्हींखाली फायरवॉल चालू आहे असं लिहिलेलं हवं. यातलं सध्या वापरात असलेलं बहुधा एकच असतं, त्यापुढे ‘अ‍ॅक्टिव्ह’ असं येतं. पुण्याच्या क्विक हीलसारखं एखादं सॉफ्टवेअर स्वतःची फायरवॉल घेऊन आलं असेल तर इथे तिचं नाव दिसू शकतं. तेही चालतं. फक्त लायसन्सची मुदत संपली की तिचं काय होतंय ते इथे येऊन बघायचं, नाहीतर दोन्हीकडून मोकळं राहायची वेळ येते. आणि दोन फायरवॉल एकदम चालवू नका. एक ठेवा, नीट ठेवा.

प्रायव्हेट की पब्लिक, हा प्रश्न लोक गडबडीत सोडवतात. पब्लिक म्हणजे “माझ्या शेजारी जोडलेली यंत्रं माझी नाहीत.” प्रायव्हेट म्हणजे “ती माझ्या घरची आहेत, त्यांना मी दिसलो तरी चालेल.” मुलगा पुण्याला होस्टेलवर लॅपटॉप घेऊन जातो, तिथलं वायफाय शंभर जणांचं असतं. तिथे पब्लिकच हवं, आणि लॉजवर किंवा रेल्वे स्टेशनवरही तेच. माझा सल्ला विचाराल तर घरीसुद्धा पब्लिक ठेवा. दोन कॉम्प्युटरमध्ये फाइल शेअर करत असाल किंवा वायफायवरचा प्रिंटर सापडतच नसेल, तेव्हाच प्रायव्हेट करा. बदलायचं ठिकाण: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग तुमच्या वायफायची प्रॉपर्टीज.

हे का महत्त्वाचं, त्याला १२ मे २०१७ चं वॉनाक्राय हे उदाहरण आहे. तो रॅन्समवेअर होता, म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा प्रोग्रॅम. तो ४४५ वरून, फाइल शेअरिंगच्या वाटेने पसरला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण ती न लावलेली मशीन्स एकाच नेटवर्कवर होती आणि तो एकातून दुसऱ्यात जात राहिला. डबा बाहेरच्याला अडवतो. शेजारच्या मशीनला अडवायचं काम कॉम्प्युटरवरच्या फायरवॉलचं. आणि अपडेट थांबवून ठेवायचे नाहीत, हे फायरवॉलइतकंच मोलाचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यावर बँकेची कामं करत असाल तर ११ कडे जायचं आता मनावर घ्या.

आता त्या खिडकीबद्दल, जी सगळ्यांना त्रास देते. एखादं नवीन अ‍ॅप पहिल्यांदा बाहेरून येणारी बोलणी स्वीकारायला बसतं तेव्हा विंडोज विचारतं, याला परवानगी द्यायची का? नव्वद टक्के लोक न वाचता ‘अलाव’ दाबतात, उरलेले घाबरून ‘कॅन्सल’. दोन्हीचे परिणाम मागे राहतात. ‘अलाव’ने कायमचा नियम तयार होतो. ‘कॅन्सल’नेही होतो, मनाईचा! म्हणून नंतर ते अ‍ॅप का चालत नाही ते कळत नाही, आणि मग कोणीतरी पूर्ण फायरवॉलच बंद करतं. अडवणारा नियम हा परवानगी देणाऱ्या नियमावर मात करतो, त्यामुळे नुसता वर दुसरा नियम टाकून भागत नाही, आधीचा काढावा लागतो.

खिडकी आली की नाव वाचा. नातू माइनक्राफ्ट खेळताना जावाचं नाव दाखवणारी खिडकी येते. दोन भावंडांना घरात एकत्र खेळायचं असेल तर फक्त प्रायव्हेटला टिक करा, पब्लिकची काढा. ज्याचं नाव ओळखीचं नाही, किंवा आत्ता आपण जे करत होतो त्याच्याशी ज्याचा संबंध नाही, त्याला नाही म्हणा. नेट वापरायला, मेल पाहायला, व्हिडिओ कॉल करायला ही परवानगी लागत नाही. ती सगळी बोलणी आतून सुरू होतात. त्यामुळे नाही म्हटलं म्हणून नेट बंद पडेल ही भीती ठेवू नका.

जुन्या परवानग्या साफ करायला त्याच पानावर खाली ‘अलाव अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल’ आहे. ‘चेंज सेटिंग्ज’ दाबा आणि यादी सावकाश वाचा. कधीच काढून टाकलेले गेम, टॉरेंटचं सॉफ्टवेअर, जुन्या प्रिंटरची अ‍ॅपं, सगळी तिथे टिकून असतात. पब्लिकच्या रकान्यातल्या टिका आधी बघा. ‘कोअर नेटवर्किंग’सारख्या विंडोजच्या स्वतःच्या ओळींना हात लावू नका. यादीत फारच गोंधळ झाला असेल तर ‘रिस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट’ हा पर्याय आहे. तो वापरला की सगळं मूळपदावर येतं आणि नंतर लागेल तशी एकेक परवानगी देता येते. जिथे खूप जणांचे हात लागलेत त्या मशीनवर मी हेच करतो.

आपल्या कॉम्प्युटरवर कोणकोण कान लावून बसलंय हे बघायचं असेल तर ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा, ‘नेटवर्क’ टॅबमध्ये ‘लिसनिंग पोर्ट्स’ बघा. प्रत्येक ओळीत प्रोग्रॅमचं नाव, पोर्ट आणि शेवटच्या रकान्यात फायरवॉल त्याला सोडते की नाही ते दिसतं. विंडोजच्या स्वतःच्या सेवा तिथे बऱ्याच असतील, त्यांनी घाबरू नका. अनोळखी नाव आणि पुढे ‘अलाउड’, अशी जोडी दिसली की चौकशी करायची.

प्रवासात कामाला येणारं एक बटण आहे. पब्लिक नेटवर्कच्या पानावर ‘इनकमिंग कनेक्शन्स’खाली सगळं अडवायची एक चौकट असते, परवानगी दिलेल्या अ‍ॅपांसकट. बाहेरगावी गेलात की टिक करा.

आणि रोजच्या वापराचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नको. फायरवॉलचे नियम बदलायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. मुलं, आजोबा, सगळे साध्या खात्यावर असले तर कोणी चुकून काही दाबलं किंवा एखादा खराब प्रोग्रॅम चालला तरी पासवर्ड मागितला जातो. एवढ्या एका बदलाने फायरवॉल वर्षानुवर्षं शाबूत राहते.

आउटगोइंग कधी अडवायचं

रोजच्या कॉम्प्युटरवर आउटगोइंग पूर्ण अडवायच्या फंदात पडू नका, दर दोन मिनिटांनी काहीतरी अडेल आणि वैतागून सगळंच बंद कराल. पण एखाद्या ठरावीक प्रोग्रॅमला बाहेर जाऊ न देणं उपयोगी पडतं. ते कसं करायचं ते पुढे सांगतो; फार जुन्या मशीनची गोष्ट मात्र वेगळी. मिरजेत एक डीटीपी करणारे गृहस्थ आहेत, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांचं काम. पेजमेकर, जुने मराठी फॉन्ट, डोंगल, सगळं जुन्या विंडोजवर, आणि नव्यावर ते चालत नाही. अशा मशीनला सरळ नेटपासून तोडायचं, वायर काढायची आणि फाइली पेन ड्राइव्हने न्यायच्या. विंडोज एक्सपीची स्वतःची फायरवॉल तर आउटगोइंग अडवूच शकत नाही, ती सोय व्हिस्टापासून आली.

नव्या विंडोजवर एक प्रोग्रॅम अडवायचा तर फायरवॉलच्या पानावरून ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’ उघडा. डावीकडे ‘आउटबाउंड रूल्स’, उजवीकडे ‘न्यू रूल’. ‘प्रोग्रॅम’ निवडा, त्याची फाइल दाखवा, ‘ब्लॉक द कनेक्शन’, तिन्ही नेटवर्कं टिक, आणि नाव द्या. नाव नीट द्या: काय अडवलं, का अडवलं, कोणत्या तारखेला. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

त्याच खिडकीत, मधल्या ‘प्रॉपर्टीज’मधून लॉगिंगही चालू करता येतं, टाकून दिलेल्या पॅकेटांची, म्हणजे नेटवरून येणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची, नोंद मुळात बंद असते. काही शोधायचं असेल तेव्हा चालू करा, एरवी गरज नाही.

बंद करा म्हणणाऱ्यांचं काय करायचं

दोन ठिकाणांहून हा सल्ला येतो. पहिलं म्हणजे क्रॅक केलेली सॉफ्टवेअर. “आधी फायरवॉल आणि अँटिव्हायरस बंद करा” असं ज्याच्यासोबत लिहून येतं, ते बसवूच नका. यात दुसरं मत असू शकत नाही.

दुसरं, फोनवरचा सपोर्टवाला. डिजिटल सहीचं टोकन चालत नाही, “फायरवॉल ऑफ करा सर.” टोकनचं सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरशी आतल्या आत बोलतं, बाहेरून कोणी यायचं नसतं. त्यामुळे विंडोजची फायरवॉल बंद करून तिथे सहसा काहीच साधत नाही. ड्रायव्हर, जावा किंवा ब्राउझरचं सर्टिफिकेट बघायला सांगा. आणि एखादं अ‍ॅप खरंच अडत असेल तर त्याला कोणतं पोर्ट, कोणत्या दिशेने हवं ते विचारा. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्या शब्दावर फायरवॉल बंद करू नका.

ती काय अडवत नाही

हे स्पष्ट लिहायलाच हवं. तुम्ही स्वतः लावलेला फोन फायरवॉल अडवत नाही. “बँकेतून बोलतोय, एनीडेस्क घ्या, नऊ आकडे सांगा,” असं कोणी म्हणालं आणि तुम्ही आकडे सांगितले, की समोरच्याला तुमची स्क्रीन मिळाली, आणि सगळी फायरवॉल तशीच चालू असते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याबद्दल बँकांना सावध केलं होतं. खोट्या साइटवर टाकलेला ओटीपी, मेलमधून उघडलेली फाइल, यांचंही तसंच. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना फायरवॉल समजावून सांगायच्या आधी एवढं सांगा: फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून काहीही बसवायचं नाही, आणि पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. वेळ फार महत्त्वाची असते, रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येऊ शकते.

आणि डेटाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. प्रत घेतली की डिस्क काढून कपाटात. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कलाही रॅन्समवेअर कुलूप लावतं.

मॅक असेल तर सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, फायरवॉल इथे जाऊन ती चालू करा, पुष्कळ मॅकवर ती बंदच असते. उबुंटूमध्ये यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल आधीपासून असते पण चालू नसते; एक कमांड देऊन चालू होते, किंवा तिच्यासाठीचं जीयूएफडब्ल्यू हे अ‍ॅप घेतलं की माउसने.

बाहेरून तपासून बघा

सगळं झालं की एकदा बाहेरून बघायचं. शील्ड्सअप नावाची जुनी, विनामूल्य सोय आहे, ती तुमच्या पत्त्यावरचे नेहमीचे पोर्ट बाहेरून चाचपून दाखवते. एकही ‘ओपन’ दिसायला नको.

मात्र एक खोच आहे. बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. डब्याच्या सेटिंगमध्ये ‘वॅन आयपी’ बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुमचं घर अशा सामायिक पत्त्यामागे आहे, आणि ती चाचणी तुमच्या डब्याची नसून कंपनीच्या यंत्रांची झाली. निकाल छान आला म्हणून डब्याची तपासणी टाळू नका.

त्यानंतर रोज बघायची गरज नाही. विंडोजचा मोठा अपडेट आला, नवीन अँटिव्हायरस बसवला किंवा कॉम्प्युटर दुरुस्तीहून परत आला की फायरवॉलचं पान उघडून तिन्ही नेटवर्कं चालू आहेत का पाहा. केबलवाल्याने डबा बदलला की मात्र जुन्या डब्यात केलेलं काहीच नव्यात येत नाही: अ‍ॅडमिनचा पासवर्ड, रिमोट मॅनेजमेंट, यूपीएनपी, पोर्ट फॉरवर्डिंग, सगळं त्याच दिवशी पुन्हा, आणि शक्यतो तो माणूस घरात असतानाच.